फुटले तेवढेच कौल

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘दुरुस्ती’ हा विषय ठरविला आणि माझ्या वाट्याला यंत्रांची दुरुस्ती आली, तेव्हा पुण्यामुंबईच्या एखाद्या प्रशस्त कारखान्यात जाऊन चौकशी करण्यापेक्षा, जिथून कारखाना, कारागीर आणि सुटे भाग विकणारा दुकानदार हे तिन्ही दूर आहेत अशा ठिकाणी जावे, असे मनाने घेतले. कारण दुरुस्तीचे खरे मोल कळते ते दुरुस्ती करणारा हाताशी नसतो तिथेच. म्हणून मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून, गोळप आणि पावस मागे टाकीत मी पूर्णगडास मुक्कामाला गेलो.

मुचकुंदी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, तिच्या उत्तरेच्या टेकडीवर हा लहानसा किल्ला उभा आहे. खाली उतारावर गाव, खाडीत होड्या, पैलतीरी गावखडीचे सुरूबन आणि दोन्ही काठांना जोडणारा पूल, एवढा सारा विस्तार तटावरून एका दृष्टिक्षेपात मावतो. गडाच्या वाटेवर एका घराची शाकारणी चालली होती. वर चढलेला गृहस्थ प्रत्येक कौलावर बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारी. खणखणीत आवाज आला की पुढे सरके, आणि बद्द आवाज आला की ते कौल रिपेवरून अलगद उचलून खाली देई व त्या जागी नवे बसवी. वासे जागचे हलले नाहीत, रिपा उसवल्या नाहीत, घरातली चूलही थांबली नाही. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ साली या कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून या कौलाची खाच आणि त्याचे नाक यांची घडण ठरून गेली आहे; आणि घडण ठरलेली आहे म्हणूनच फुटले तेवढेच कौल बदलता येते.

मी ज्या विषयाच्या शोधात आलो होतो त्याचे सारे मर्म त्या छपरावर होते. आजच्या उद्योगांत यंत्राच्या पोटात जो संगणक बसविलेला असतो तो अखंड असावा की सुट्या, ठरीव मापाच्या भागांचा असावा, हा प्रश्न वरवर तज्ज्ञांचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर कोकणातल्या एखाद्या कारखान्याचे काम दोन तास थांबणार की दोन आठवडे, हे ठरवीत असते.

तांडेलाच्या केबिनमध्ये

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची मनाई असते. त्यामुळे मी गेलो तेव्हा होड्या वर ओढून शाकारण्याची लगबग सुरू झाली होती. कोकणात घर शाकारतात तशी होडीही शाकारतात. एका होडीच्या केबिनमधून उपकरणे उतरविली जात होती: ठिकाण सांगणारा जीपीएस, बोलण्याचा वायरलेस आणि पाण्याची खोली व मासळीचा थवा दाखविणारा फिशफाइंडर. तिन्ही वेगवेगळ्या पेट्या, तिन्हींच्या तारा वेगळ्या. या सर्वांचे काम एकट्याने करणारे एकच उपकरण का घेत नाही, असे मी विचारले, तेव्हा तांडेलाने दिलेले उत्तर अगदी सरळ होते. एक पेटी बिघडली तर उरलेल्या दोन्हींच्या आधाराने घरी येता येते. सारे एकात असले आणि तेच बंद पडले, तर भर समुद्रात काहीच उरत नाही.

या तिन्ही पेट्यांत एकेक छोटा संगणक आहे. त्याला टंकफलक नाही, त्यावर पत्रे लिहिता येत नाहीत. एकच नेमून दिलेले काम तो जन्मभर करतो. यंत्राच्या अंगात असा कायमचा मुरवून टाकलेल्या संगणकाला ‘एम्बेडेड’ म्हणतात. कपडे धुण्याचे यंत्र, विजेचे मीटर, लिफ्ट आणि कारखान्यातले महाकाय कॉम्प्रेसर या सर्वांत तो आहे, आणि घरातल्या संगणकांपेक्षा त्याची संख्या फार मोठी आहे.

सुट्या पेट्यांना एकमेकींशी बोलता आले तरच त्यांच्या सुटेपणाचा उपयोग. नौकांवरील उपकरणांसाठी अशी सामाईक भाषा १९८३ साली ‘एनएमईए ०१८३’ या नावाने ठरली. त्यामुळे एका कंपनीच्या जीपीएसने सांगितलेले ठिकाण दुसऱ्या कंपनीच्या उपकरणाला वाचता येते. आता या पेट्यांत आणखी एकीची भर पडत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते ज्या राष्ट्रीय योजनेचा आरंभ झाला, तिच्यानुसार इस्रोने विकसित केलेला ट्रान्सपाँडर देशाच्या १३ सागरी राज्यांतील व केंद्रशासित प्रदेशांतील १ लाख मासेमारी नौकांवर, नौकामालकाकडून मोबदला न घेता, बसविण्याची तजवीज असून तिचा खर्च ३६४ कोटी रुपये आहे. मोबाइलची रेंज संपते त्याच्याही पलीकडून उपग्रहामार्गे दोन्ही बाजूंनी संदेश पाठविता यावेत आणि सागरी हद्द जवळ आल्याची सूचना मिळावी, हा तिचा हेतू. होडीतले जुने काहीही न काढता हे नवे साधन तिच्यात सामावते. सुट्या रचनेचा हा पहिला लाभ: जे चालते आहे त्याला धक्का न लावता वाढ करता येते.

हाच लाभ आपल्या प्रत्येक वाचकाने बोटाने अनुभवला आहे. आपले मतदान यंत्र हे सुट्या भागांचे यंत्र आहे. अधिकाऱ्याजवळचे नियंत्रण एकक, मतदाराजवळचे मतदान एकक आणि चिठ्ठी दाखविणारे व्हीव्हीपॅट. त्याच्या रचनेत मुंबईच्या आयआयटीमधील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचा वाटा आहे. एका मतदान एककावर ‘नोटा’ धरून १६ नावे मावतात. उमेदवार वाढले की यंत्र बदलीत नाहीत, शेजारी दुसरे एकक जोडतात, आणि आजच्या पिढीच्या यंत्राला अशी २४ एकके जोडता येतात. उमेदवार किती असतील हे कारखान्याला आधी ठाऊक नव्हते. जोडण्याची जागा मात्र त्याने ठेवून दिली होती.

लादी, मिठाचे पाणी आणि एक कार्ड

मासळीचा धंदा बर्फावर उभा आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात गेलो. आत शिरताच अमोनियाचा उग्र वास आणि पायांखाली ओल. लाकडी फळ्यांनी झाकलेल्या विस्तीर्ण टाकीत मिठाचे पाणी, त्यात उभे बुडविलेले पत्र्याचे डबे, आणि डब्यांत गोडे पाणी. कॉम्प्रेसर अमोनियाचा वायू दाबतो, कंडेन्सरमध्ये तो निवून द्रवरूप होतो, आणि टाकीतल्या नळ्यांत त्याचा पुन्हा वायू होताना तो मिठाच्या पाण्याची उष्णता ओढून घेतो. मीठ असल्यामुळे ते पाणी शून्याखाली उतरूनही गोठत नाही. डब्यातले गोडे पाणी मात्र गोठते आणि जवळजवळ सारा दिवस घेऊन त्याची लादी होते.

पूर्वी या साऱ्यावर एक जाणता माणूस अष्टौप्रहर नजर ठेवी. अमोनियाचा दाब, तेलाचा दाब, मोटरचा प्रवाह आणि मिठाच्या पाण्याचे तापमान तो दर तासाला वहीत उतरवी आणि काही कमीजास्त दिसले की धावत जाऊन झडप फिरवी. आज ती नजर भिंतीवरच्या लोखंडी कपाटात आहे. पॅनेलचे दार उघडल्यावर ३५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर पुस्तकांसारखी शेजारी शेजारी बसविलेली मॉड्यूले दिसली. पहिले २४ व्होल्टचा पुरवठा देणारे. दुसऱ्यात मुख्य संगणक. पुढची दोन बाहेरची खबर आत आणणारी. शेवटची दोन आतला हुकूम बाहेर मोटरीपर्यंत पोचविणारी. कचेरीत जसा आवक-जावकीचा कारकून वेगळा आणि निर्णय देणारा अंमलदार वेगळा, तशीच इथे कामाची वाटणी आहे.

योगायोगाने त्याच सकाळी तापमानाचा आकडा वेडावाकडा दिसू लागला होता. इथले लोक अशा वेळी एवढेच म्हणतात, ‘कार्ड गेलं.’ वायरमनने संवेदकाच्या टोकाला मीटर लावून संवेदक आणि त्याची तार धड असल्याची खात्री केली, म्हणजे दोष मॉड्यूलचा ठरला. त्याने कॉम्प्रेसर रीतसर थांबविला, पॅनेलचा पुरवठा तोडला, मग मॉड्यूलच्या तोंडावरचा तारांचा जोड जसाच्या तसा ओढून काढला; म्हणजे एकही तार सोडावी लागली नाही आणि कोणती तार कुठली हा घोळही झाला नाही. स्क्रूड्रायव्हरने मागची खिटी दाबताच मॉड्यूल हातात आले. त्याच्या पितळी टाचण्यांवर हिरवट कीट चढले होते. ही समुद्राच्या खाऱ्या हवेची करणी. कपाटातून नवे मॉड्यूल काढून त्याने त्याच जागी बसविले, जोड लावला, पुरवठा दिला.

आकडा आला; पण तो खरा कशावरून? याची परीक्षा त्याने ज्या पद्धतीने घेतली तिने मी थक्क झालो. लादीचा एक तुकडा फोडून त्याने बादलीत चुरा केला, त्यात थोडे गोडे पाणी घातले, काठीने ढवळले आणि टाकीतून काढलेला संवेदक त्या लगद्यात बुडविला. वितळत्या बर्फाचे तापमान जगात सर्वत्र शून्य अंश असते, आणि या संवेदकातल्या प्लॅटिनमच्या तारेचा रोध शून्य अंशाला बरोबर १०० ओहम असतो. पीटी-१०० हे त्याचे नावच त्यावरून पडले आहे. पडद्यावरचा आकडा हळूहळू उतरत शून्यावर येऊन स्थिरावला. दार उघडल्यापासून कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होईपर्यंत अर्धा तासही गेला नाही; तेवढ्या अवधीत मिठाच्या पाण्याच्या प्रचंड साठ्याने आपली थंडी फारशी सोडली नव्हती.

याच कारखान्यात पूर्वी नियंत्रणासाठी एकच अखंड बोर्ड होता. त्यातला एक भाग जळाला की सारा बोर्ड उतरवून मुंबईस पाठवावा लागे, आणि तो परत येईपर्यंत यंत्राशेजारी रात्रंदिवस माणूस तैनात करून, हाताने झडपा फिरवून काम निभवावे लागे. दोष तेव्हाही एवढासाच असे. परंतु त्याचा दंड संपूर्ण कारखाना भरी. दोषाचा आकार आणि दंडाचा आकार यांचे प्रमाण राखणे, हाच या सुट्या रचनेचा सर्वांत मोठा उपकार आहे.

नावातच मॉड्यूल

ही कल्पना ज्या यंत्राने कारखान्यांत रुजविली त्याच्या नावातच ती आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील मोटारींच्या कारखान्यांत यंत्रांचे नियंत्रण शेकडो रिलेंनी भरलेल्या कपाटांतून होई. मोटारीचे नवे मॉडेल आले की ती जोडणी उसवून पुन्हा बांधावी लागे आणि त्यात आठवडे जात. जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ मध्ये, कारखान्याच्या धुळीत व उष्णतेत टिकेल, तिथल्याच वायरमनला समजेल आणि भागाभागांनी दुरुस्त होईल असे साधन मागविले. मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड येथे डिक मॉर्ली आणि त्यांचे सहकारी अशाच साधनावर काम करीत होते. त्यांच्या संस्थेचा तो ८४ वा प्रकल्प, म्हणून यंत्राचे नाव ‘०८४’. आणि ते बनविण्यासाठी काढलेल्या कंपनीचे नाव ‘मॉडिकॉन’, म्हणजेच मॉड्यूलर डिजिटल कंट्रोलर. आपल्याकडचे वायरमन ज्याला ‘पीएलसी’ म्हणतात त्याचा हा पूर्वज. याच कंपनीने १९७९ मध्ये ‘मॉडबस’ ही यंत्रांच्या परस्पर संभाषणाची पद्धत प्रसिद्ध केली, आणि ती आजही असंख्य पॅनेलांत चालू आहे. मूळ यंत्र कालबाह्य झाले, पण ठरलेली भाषा टिकली. मापाचे आणि भाषेचे आयुष्य वस्तूच्या आयुष्यापेक्षा मोठे असते, याचा हा पुरावा आहे.

पुढे संगणकाच्या बोर्डांचीही मापे ठरत गेली. १९९२ मध्ये ‘पीसी/१०४’ हे ९० गुणिले ९६ मिलिमीटरचे, एकावर एक रचण्याचे बोर्ड ठरले. २००५ मध्ये ‘कॉम एक्सप्रेस’ ठरले. या दुसऱ्या पद्धतीत संगणकाची दोन भागांत विभागणी आहे. प्रोसेसर आणि स्मृती एका तळहातावर मावणाऱ्या मॉड्यूलवर असतात. आणि त्या विशिष्ट यंत्राला लागणारे सारे जोड, पुरवठे व संरक्षणे खालच्या आधार-बोर्डावर असतात. आधार-बोर्ड यंत्रागणिक वेगळा. मॉड्यूल मात्र ठरीव मापाचे.

दोन आयुष्यांची सोडवणूक

या विभागणीमागचे कारण आयुर्मानाचे आहे. चांगला कॉम्प्रेसर पंचवीस वर्षे चालतो, बॉयलर त्याहून अधिक. उलट संगणकाच्या बाजारात प्रोसेसरची पिढी दोनतीन वर्षांत पालटते, आणि उद्योगांसाठी खास राखलेल्या प्रोसेसरांच्या पुरवठ्याची हमीदेखील सहसा दहापंधरा वर्षांपलीकडे जात नाही. दीर्घायुषी देह आणि अल्पायुषी मेंदू यांची अखंड गाठ मारली, तर मेंदूच्या मृत्यूबरोबर धडधाकट देहही भंगारात जातो. ती गाठ सुटी ठेवली, तर आधार-बोर्ड, तारा, संवेदक आणि यंत्र तसेच ठेवून वरचे मॉड्यूल तेवढे नव्या पिढीचे बसविता येते. अर्थात नव्या मॉड्यूलवर जुना प्रोग्राम पारखून घ्यावा लागतो. परंतु ते काम मेजावर होते, त्यासाठी भिंत फोडावी लागत नाही.

याला देशहिताचाही एक पैलू आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘वेगा’ आणि मद्रासच्या आयआयटीने ‘शक्ती’ या मालिकांतील प्रोसेसर, कोणालाही वापरता येणाऱ्या ‘रिस्क-फाइव्ह’ या मुक्त संहितेवर घडविले आहेत, आणि केंद्र शासनाने एप्रिल २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम जाहीर केला. आपले कारखाने जर ठरीव मापाच्या खाचांवर उभे राहिले, तर उद्या त्याच खाचेत आपल्या देशाचा प्रोसेसर बसविण्याचा मार्ग मोकळा राहील. खाचच एका परक्या पुरवठादाराच्या मर्जीची असेल, तर तो मार्ग बंद होतो.

आणि जिथे माणूस रोज जाऊ शकत नाही तिथे तर ही रचना अपरिहार्यच म्हटली पाहिजे. रत्नागिरी आणि निवसर यांच्या दरम्यान कोकण रेल्वेचा पानवलचा पूल आहे. ४२४ मीटर लांब आणि सुमारे ६४ मीटर उंच. त्यावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र बसविलेले आहे, आणि काळ, सावित्री व वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाणी धोक्याच्या पातळीवर गेल्यास इशारा देणारी यंत्रणा आहे. अशा जागी आषाढातल्या पावसात दुरुस्तीला गेलेल्या माणसाने दिव्याच्या उजेडात दोष हुडकीत बसावे, ही अपेक्षा निर्दयपणाची आहे. त्याने खांद्याच्या पिशवीतून सुटा भाग काढावा, बदलावा, खात्री करावी आणि सुखरूप परतावे. दोषाचा शोध मग कोरड्या खोलीत बसून घ्यावा.

खाऱ्या हवेचा हिशेब

कोणत्याही पद्धतीची दुसरी बाजू सांगितल्याविना तिची शिफारस करू नये. जितके भाग सुटे तितके जोड अधिक, आणि किनाऱ्यावर यंत्र मरते ते बहुधा जोडापाशी. बर्फाच्या कारखान्यातल्या मॉड्यूलच्या टाचण्या मी पाहिल्याच होत्या. त्याला उपाय आहेत: सोन्याचा मुलामा दिलेल्या टाचण्या, बोर्डावर पातळ रोगणाचे आवरण, पंख्याने बाहेरची खारी हवा आत ओढण्याऐवजी पत्र्याच्या फासळ्यांतून उष्णता बाहेर टाकणारी बांधणी, आणि धूळपाण्याला मज्जाव करणारे घट्ट दाराचे पॅनेल. हे सारे महाग पडते. प्रारंभीच्या खर्चात अखंड बोर्ड स्वस्त असतो, हे मान्य केलेच पाहिजे. लाखांनी निघणाऱ्या घरगुती उपकरणांत तोच योग्य होय. परंतु जिथे यंत्र एक आणि त्याच्यावर अवलंबून असलेली पोटे अनेक, तिथे खरेदीच्या किमतीवर हिशेब संपत नाही.

कोकणातली वीज आणि कोकणातले आभाळ हाही या हिशेबातला खर्च आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्यासमोरून गेले, आणि त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेले. वीज कोसळून किंवा दाब उसळून तारांतून जेव्हा आघात आत येतो, तेव्हा बाहेरची खबर आणणारे मॉड्यूल तो आपल्या अंगावर घेते. त्याच्याशी तारेने नव्हे तर प्रकाशाने जोडलेला, म्हणून अलग राहिलेला मुख्य संगणक पुष्कळदा वाचतो. पहारेकरी जखमी होतो, दप्तर सुरक्षित राहते. पुराचे पाणी चढू लागले, तर भिंतीतले पॅनेल कोणी उपटून नेऊ शकत नाही. परंतु पुरवठा तोडून त्यातली मॉड्यूले काढून माळ्यावर ठेवणे दोन माणसांचे, थोड्या मिनिटांचे काम आहे.

सर्वांत मोठी अडचण मात्र हवेची नसून माणसांची आहे. मॉड्यूल सुटे असते, पण त्यातल्या प्रोग्रामची किल्ली पुरवठादाराकडे असते. जोडणीचा नकाशा पॅनेल बांधणाऱ्याकडे राहतो. आणि सुटा भाग कपाटात ठेवण्याचा खर्च मालकाला व्यर्थ वाटतो. अशा वेळी सुटी रचना केवळ नावाची उरते. ज्या कारखान्यात मी अर्ध्या तासात दुरुस्ती झालेली पाहिली, तिथे सुटे मॉड्यूल कपाटात होते, नकाशा दाराच्या आतल्या बाजूस चिकटविलेला होता आणि त्या वायरमनला शून्य अंशाची परीक्षा ठाऊक होती. या तिन्हींपैकी एक जरी नसते, तरी कॉम्प्रेसर त्या दिवशी सुरू झाला नसता.

खरेदी करणाऱ्यांस विनंती

परतताना मी पुन्हा पूर्णगडास थांबलो. शाकारणी पुरी झाली होती. बदललेली कौले नव्या लाल रंगाने उठून दिसत होती, आणि चारसहा जादा कौले पडवीत भिंतीशी रचून ठेवलेली होती.

रत्नागिरी जिल्ह्यात आंब्याच्या रसाचे कारखाने आहेत, मासळी प्रक्रियेचे आहेत, बर्फाचे आहेत. दरवर्षी कोणी ना कोणी नवे पॅनेल घेतोच. त्या सर्वांस माझी कळकळीची विनंती अशी, की खरेदीच्या दस्तऐवजावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: मॉड्यूलांचे माप व भाषा सर्वमान्य असावी, प्रत्येक प्रकारचे एक सुटे मॉड्यूल यंत्राबरोबरच ताब्यात मिळावे, प्रोग्रामची प्रत किल्लीसह आपल्या दप्तरी जमा व्हावी, आणि जोडणीचा नकाशा पॅनेलच्या दाराला लावलेला असावा. रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात आणि आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलांना कारखानदारांनी वर्षातून एकदा तरी आपले पॅनेल उघडून दाखवावे. उद्या रात्री दोन वाजता बोलावणे जाईल ते त्यांच्यापैकीच कोणाला तरी.

कोकणातला माणूस मृग लागण्यापूर्वी कौले आणून ठेवतो. सुटे मॉड्यूलही त्याच्या कपाटात त्याआधीच आलेले असावे.